कारवानच्या पिल्लाला नुसता खिमा, आणि वर कॅल्शियमचं सिरप

पत्र:

डॉक्टर, आम्ही मंगळवेढा तालुक्यातले. आजोबांच्या काळापासून घरात कारवान कुत्री आहेत. सध्या तीन वर्षांची एक मादी (वजन २२ किलो) आणि साडेतीन महिन्यांचा एक नर पिल्लू आहे. मादीला दिवसाला तीन भाकरी आणि अर्धा लिटर म्हशीचं दूध देतो. पिल्लू आणलं तेव्हा विकणाऱ्यानं बजावलं होतं, 'शिकारी जात आहे, मांसावरच वाढवा.' म्हणून त्याला रोज चारशे ग्रॅम बिनहाडाचा कोंबडीचा खिमा उकडून देतो, दुसरं काही नाही. गेल्या महिन्याभरात त्याचे पुढचे पाय खालून वाकायला लागलेत. पळायचं म्हटलं की बसून घेतं. मित्राच्या सांगण्यावरून रोज दोन चमचे कॅल्शियमचं सिरप सुरू केलंय. गावातले म्हणतात, दोघांच्याही बरगड्या दिसतात, उपाशी मारता काय? आजोबा म्हणतात, मांस दिलं की कुत्रं शेळ्यामेंढ्यांवर जातं. दुकानदारानं ३०/२० लिहिलेली, खास शिकारी कुत्र्यांची महागडी पिशवी दाखवली. ती घ्यावी का? सशामागे सोडायच्या आधी काय खायला द्यावं? आणि पुढच्या माजाला मादी लावायची आहे, तिला आतापासून कॅल्शियम चालू करू का?
– एक वाचक

उत्तर:

नमस्कार. पिशवीचं नंतर बघू. आधी पिल्लाला उचला आणि जनावरांच्या दवाखान्यात नेऊन पुढच्या दोन्ही पायांचा एक्स-रे काढा. तालुक्याला सोय नसेल तर सोलापूर गाठा. नेताना गाडीत मांडीवर घ्या, टेम्पोच्या हौद्यात मोकळं सोडू नका. अशा पिल्लांची हाडं इतकी पातळ झालेली असू शकतात की ओट्यावरून उडी मारली तरी मोडतात. एक्स-रे होईपर्यंत पळवणं बंद, गुळगुळीत फरशीवर ठेवणं बंद. खाली पोतं किंवा जाड गोधडी टाका. पाय वाकण्याला मार लागणं, सांधे सैल असणं, हाडाचं वाढीचं टोक दुखावणं अशी आणखीही कारणं असतात, ती डॉक्टर तपासतील. पण तुम्ही खाणं इतकं नेमकं लिहिलंय की माझा पहिला संशय त्या खिम्यावरच आहे.

हिशेब मांडून बघा. शंभर ग्रॅम बिनहाडाच्या कोंबडीत कॅल्शियम असतं जेमतेम १० मिलिग्रॅम आणि फॉस्फरस दीडशे-दोनशे मिलिग्रॅम. म्हणजे चारशे ग्रॅम खिम्यातून पिल्लाला मिळालं चाळीसेक मिलिग्रॅम कॅल्शियम. साडेतीन महिन्यांच्या, नऊएक किलोच्या पिल्लाची रोजची गरज असते साधारण ३ ग्रॅम, म्हणजे ३००० मिलिग्रॅम. शिवाय अन्नात कॅल्शियम हे फॉस्फरसच्या बरोबरीनं किंवा थोडं जास्त, फार तर दुप्पट असावं लागतं. तुमच्या वाटीत फॉस्फरस पंधरा-वीस पट आहे. रक्तातलं कॅल्शियम घसरू लागलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतलं कॅल्शियम उपसून रक्तात आणतात, कारण हृदय आणि स्नायू चालू राहणं शरीराला जास्त गरजेचं असतं. रक्त तपासलं तर कॅल्शियम बहुतेक वेळा ठीकच दिसतं. हाडं मात्र आतून पोकळ होत जातात. म्हणून मी रक्ताच्या तपासणीवर न थांबता एक्स-रे काढायला सांगतोय.

लांडगा मांसच खातो की, मग त्याचे पाय का वाकत नाहीत, असं कुणी विचारेल. लांडगा खिमा खात नाही. तो हाडांसकट, काळजासकट, आतड्यांसकट जनावर खातो. आपण निवडून काढलेलं स्वच्छ लाल मांस हा पिल्लाचा पूर्ण आहार कधीच होत नाही.

आता सिरप. खिम्यावर असताना ते दोन चमचे बहुधा तोकडे पडत होते. पण आता आपण पिल्लाला समतोल खाण्यावर नेणार आहोत, आणि त्या खाण्यात कॅल्शियम मोजून घातलेलं असतं. त्यावर सिरप चालू ठेवलंत तर उलट्या बाजूनं नुकसान होईल. मोठं कुत्रं नको असलेलं कॅल्शियम आतड्यातूनच बरंचसं सोडून देतं. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाला ते नीट जमत नाही. येईल तेवढं शरीरात शिरतं, आणि हाडांची-कूर्चेची वाढ बिघडते. म्हणून समतोल खाणं सुरू झालं की सिरप बंद. तपासणाऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून काही दिवसांसाठी वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐका, पण दुकानातून स्वतःहून आणलेली बाटली बाजूला ठेवा. 'कोवळ्या उन्हात बसवा' हा सल्लाही तुम्हाला मिळाला असेलच. बसवा, त्याला बरं वाटेल. पण माणसासारखं उन्हातून पुरेसं ड जीवनसत्त्व कुत्र्याच्या कातडीत तयार होत नाही. ते खाण्यातूनच मिळावं लागतं.

पिल्लाला काय द्यायचं? वर्षाचं होईपर्यंत मी त्याला कंपनीच्या कोरड्या खाण्यावरच ठेवीन. घरचं अन्न वाईट म्हणून नव्हे. वाढीच्या वयात कॅल्शियम, फॉस्फरस, जस्त, तांबं, आयोडीन, ड जीवनसत्त्व हे सगळं रोज चुलीवर जमवणं फार कठीण आहे, आणि चुकलं तर ते पायांत दिसतं. पिशवीच्या पुढच्या बाजूला पळत्या कुत्र्याचं चित्र असतं, ते सोडा. पिशवी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचा. तिथं 'पूर्ण आहार' असं असायला हवं. 'पूरक आहार' लिहिलेलं नको. पिल्लांसाठी, वाढीसाठी किंवा सर्व वयांसाठी असा उल्लेख हवा. नुसतं मोठ्या कुत्र्यांसाठीचं खाणं साडेतीन महिन्यांच्या पिल्लाला चालणार नाही. प्रथिनं २४ ते २८ टक्के, स्निग्धांश १२ ते १६ टक्के, कॅल्शियम सव्वा ते पावणेदोन टक्क्यांच्या दरम्यान असलं की झालं. कारवान मोठा झाला की वीस ते अठ्ठावीस किलोचा होतो, म्हणजे तो मध्यम आणि मोठ्या जातींच्या सीमेवर येतो. दोन्हींपैकी कुठलीही पिल्लाची पिशवी चालेल. पोत्यातून किलोवर सुटं मिळणारं खाणं मात्र घेऊ नका, त्यावर ना तारीख असते ना घटक. पिशवी फोडली की तोंड घट्ट बांधून सावलीत ठेवा आणि महिना-सव्वा महिन्यात संपेल एवढीच आणा.

किती द्यायचं? नऊ किलोच्या पिल्लाला या वयात हजार-अकराशे कॅलरी लागतात. कोरडं खाणं शंभर ग्रॅमला साडेतीनशे ते चारशे कॅलरी देतं, म्हणजे दिवसाला पावणेतीनशे ते तीनशे ग्रॅम, चार वेळा विभागून. सहा महिन्यांनंतर तीन वेळा, वर्षाचं झालं की दोन वेळा. आणि हे लक्षात घ्या: तुमच्या चारशे ग्रॅम खिम्यातून त्याला पाचशे-साडेपाचशेच कॅलरी मिळत होत्या, गरजेच्या निम्म्या. तेव्हा पिल्लाच्या बाबतीत गावातले खरं बोलतात. ते खरोखरच अर्धपोटी आहे. मादीच्या बाबतीत त्यांचं चुकतंय, त्याकडे येतोच.

बदल एका दिवसात करू नका, नाहीतर हगवण लागेल. खिमा थोडा-थोडा कमी आणि कोरडं खाणं कोमट पाण्यात भिजवून थोडं-थोडं जास्त, असं आठवड्यात पूर्ण वळवा. खिम्याची चव सुटत नसेल तर वर चमचाभर घाला, दहावा हिस्सा चालतो. दर रविवारी वजन करा. तुम्ही स्वतः काट्यावर उभे राहा, मग त्याला घेऊन उभे राहा, वजाबाकी करा. वजन हळूहळू वाढत राहिलं पाहिजे. पोट नगाऱ्यासारखं आणि अंग काडीसारखं दिसलं तर जंत आहेत असं समजा. जंताचं औषध पिल्लाला सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला लागतं. पोटात जंत असले की खाणं कितीही चांगलं असो, अंगी लागत नाही. निदान खाण्याच्या चुकीचंच ठरलं आणि हाड मोडलेलं नसलं, तर अशा पिल्लांची हाडं काही आठवड्यांत भरू लागतात. डॉक्टर सांगेपर्यंत पळवू नका, एवढंच.

आता ती ३०/२० ची पिशवी. तीस टक्के प्रथिनं, वीस टक्के स्निग्धांश. खाणं वाईट नाही, पण ते बनलंय वेगळ्या कुत्र्यासाठी. युरोप-अमेरिकेत शिकारीचं कुत्रं म्हणजे बहुतेक वेळा पॉइंटर, स्पॅनियल, रिट्रीव्हर. ती कुत्री मालकाबरोबर दिवसभर, कधी थंडीत, कधी पाण्यात उतरून काम करतात. अलास्कात बर्फावर घसरगाड्या ओढणारी कुत्री तर शर्यतीच्या दिवसांत दिवसाला दहा हजारांच्या आसपास कॅलरी जाळतात. इतका वेळ चालणारं काम चरबीवर चालतं, म्हणून त्यांना चरबी जास्त. तुमचा कारवान डोळ्यानं शिकार धरणारा, ग्रेहाउंडच्या वळणाचा. तो जीव तोडून धावतो ते मिनिट-दोन मिनिटं, आणि उरलेला दिवस सावलीला पसरतो. त्या एका झेपेला लागतं स्नायूंत साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, आणि ते पिष्टमय पदार्थांतून छान तयार होतं. शर्यतीच्या ग्रेहाउंडांवर झालेल्या चाचण्यांत प्रथिनं वाढवून पिष्ट कमी केल्यावर ती जरा हळूच धावली होती. तेव्हा तुमची ज्वारीची भाकरी या कुत्र्याची शत्रू नाही. मंगळवेढ्याच्या माणसानं ज्वारीबद्दल मनात शंका आणावी याचं मला उलट हसू आलं! फार चरबीचं खाणं या कुत्र्यांना दिलं तर ते अंगावर चढतं, काहींचं स्वादुपिंड सुजतं, आणि पैसे जातात ते वेगळेच.

मादीचं आताचं खाणं तपासू. एका भाकरीला ऐंशी ग्रॅम पीठ धरलं तर तीन भाकरींच्या आठशे-साडेआठशे कॅलरी, म्हशीच्या अर्ध्या लिटर दुधाच्या पाचशेच्या आसपास. बेरीज साडेतेराशे. तिची गरज बाराशेच्या घरात, म्हणजे पोट भरतंय. प्रथिनं मात्र पिठातून चोवीस आणि दुधातून वीस ग्रॅम, अशी चव्वेचाळीसच होतात. जगायला पुरतात, पण धावणाऱ्या आणि पुढे वेत द्यायच्या मादीला काठावरची आहेत. दुधानं तिला पातळ होत नसेल तर दूध चालू द्या. होत असेल तर त्याऐवजी ताक किंवा दही.

मी तिला असं वाढीन: एक भाकरी, मोठ्या कुत्र्यांचं साधं कोरडं खाणं दीडशे ग्रॅम, उकडलेली कोंबडी दीडशे ग्रॅम, एक उकडलेलं अंडं, थोडं ताक. कोरडं खाणं अजिबात नको असेल तर दोन भाकरी, अडीचशे ग्रॅम कोंबडी, दोन अंडी, वाटीभर दही आणि अंड्याच्या टरफलाची बारीक दळलेली पूड अर्धा चहाचा चमचा. त्या पुडीतून एक ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळतं. आठवड्यातून एक-दोनदा दोन बोटांएवढं काळीज घाला, रोज नको; अ जीवनसत्त्व साठत जातं. नुसत्या घरच्या खाण्यावर ठेवणार असाल तर जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्वासाठी डॉक्टरांकडून पूरक पावडर लिहून घ्या. कालवणातली भाकरी देत असाल तर ती बंद करा. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवला म्हणून कांदा निरुपद्रवी होत नाही. मनुके-द्राक्षंही नकोत, तुमच्या भागात बागा आहेत म्हणून मुद्दाम लिहितो, थोड्या द्राक्षांनीही काही कुत्र्यांची किडनी बसते. शिजवलेली हाडं नकोत, त्यांच्या सळया होतात. गोठ्यातली सरकी आणि शेंगदाणा पेंड तिच्या तोंडाला लागू देऊ नका. सरकीत गॉसिपॉल नावाचं विष असतं. पेंडीला आणि भिजलेल्या मक्याला बुरशी लागली की त्यात अफ्लाटॉक्सिन तयार होतं, त्यानं कुत्र्याचं यकृत जातं. बुरशी लागलेली शिळी भाकरी 'कुत्र्याला चालते' म्हणून टाकणं हाही त्यातलाच प्रकार.

बरगड्यांचं: कारवान, पश्मी, मुधोळ, या कुत्र्यांच्या मागच्या दोन-तीन बरगड्या दिसायलाच हव्यात. कंबर वर खेचलेली, छाती खोल, हीच त्यांची ठेवण. तळहात सपाट ठेवून बरगड्यांवरून फिरवा. पातळ कातडीखाली बरगडी सहज लागली आणि मांडी भरलेली असली की मादी ठणठणीत आहे. पाठीचा मणका न् मणका टोचत असेल, मांडीला खळगा पडला असेल, तर ती हडकली. गावाला बरं वाटावं म्हणून तिला गोल करू नका.

आजोबांना माझा नमस्कार सांगा. वाटीतल्या उकडलेल्या मांसानं कुत्रं मेंढरांवर जात नाही. पळणारी वस्तू दिसली की मागं लागणं हे या जातीच्या डोळ्यांतच आहे, भाकरीवर वाढवलं तरी ते जात नाही. पिल्लाला आतापासून दोरीला धरून कळपाजवळ रोज बसवा, तो खरा उपाय. पण आजोबांच्या शंकेला दुसऱ्या एका बाजूनं आधार आहे. जत्रेत किंवा घरी बोकड-मेंढरू कापलं की वजडी, फोफस, काळीज कच्चंच कुत्र्यापुढे टाकतात, ते बंदच करा. त्यात कधी पाण्यानं भरलेले पांढरे फोड दिसतात. ती एका फीतकृमीची हायडॅटिड नावाची पिशवी असते. कच्ची खाल्ली की कृमी कुत्र्याच्या आतड्यात वाढतात, त्यांची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, केसांना चिकटतात, आणि घरातल्या पोरांच्या हातावरून तोंडात जातात. मग माणसाच्या यकृतात, फुप्फुसात तसेच फोड होतात, आणि त्यासाठी बहुतेक वेळा शस्त्रक्रिया करावी लागते. मेंढपाळांच्या वस्त्यांवर ही गोष्ट सगळ्यांना माहीत हवी. फोड असलेला भाग पुरून टाका, बाकीचं पूर्ण शिजवून द्या, आणि मादीला प्राझिक्वांटेल असलेलं जंताचं औषध डॉक्टर सांगतील त्या अंतरानं नियमित द्या.

सशाच्या मागे सोडायच्या आधी काय द्यावं, याचं उत्तर मी देणार नाही, कारण सोडायचंच नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत जनावराचा पाठलाग करवणंही येतं. ससा हाती लागला की नाही याचा प्रश्न नाही. मादीला धाव हवी तर मोकळ्या रानात, दोरीवर ओढलेल्या चिंधीमागे पळवा. त्याचं वेळापत्रक मात्र सांगतो. पळवायच्या आधी चार तास पोट रिकामं हवं, म्हणून सकाळी उपाशीपोटीच न्या. धावून आल्यावर धाप पूर्ण बसेपर्यंत थोडं-थोडं पाणी, आणि जेवण दीड-दोन तासांनी. खोल छातीच्या कुत्र्यांत भरल्या पोटी पळवलं की जठर फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. पोट टम्म, ओकारीची उबळ येते पण बाहेर काही पडत नाही, असं दिसलं तर तासाभरात दवाखाना गाठावा लागतो. उन्हाळ्यात सूर्य वर आल्यावर पळवूच नका.

राहिलं लावण्याचं. गाभण असताना कॅल्शियमचं सिरप देऊ नका. बाहेरून सारखं कॅल्शियम येत राहिलं की गरज पडेल तेव्हा हाडांतून ते काढायची शरीराची तयारी मंदावते, आणि पिल्लं पिऊ लागली की रक्तातलं कॅल्शियम एकदम कोसळू शकतं. गाभणपण साधारण त्रेसष्ट दिवसांचं असतं. पहिले पाच-सहा आठवडे नेहमीचंच खाणं ठेवा. शेवटच्या तीन आठवड्यांत हळूहळू वाढवत नेहमीच्या सव्वापट ते दीडपट करा, आणि तेव्हापासून तिला पिल्लांच्याच पिशवीतलं खाणं द्या. त्यात तिला लागतं ते सगळं आहे. गर्भाशय पोटाची जागा खातं, म्हणून खाणं चार वेळा विभागा. व्याल्यावर पिल्लं पाच-सहा असतील तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट लागेल, तेव्हा हात आखडू नका. त्या काळात ती अस्वस्थ झाली, धापा टाकू लागली, अंग थरथरायला लागलं, पाय ताठले, तर पिल्लं लगेच बाजूला करा आणि तिला ताबडतोब डॉक्टरांकडे न्या. त्या वेळी कॅल्शियम शिरेतूनच द्यावं लागतं, तेही छातीला स्टेथोस्कोप लावून, सावकाश. घरी बाटलीनं पाजत बसू नका. आणि हे सगळं पुढच्या नव्हे, त्यापुढच्या माजाला करा. पुढचा माज तसाच जाऊ द्या. तोवर तिची प्रथिनांची बाजू भरून येईल आणि पिल्लाच्या पायांकडे बघायला तुम्हालाही सवड मिळेल.